कृष्णधवल फोटोत आकाशाला पट्टे पडतात: ८ बिट, १६ बिट आणि दोष नेमका कुठे

लक्षण

रंगीत फोटोत आकाश गुळगुळीत असतं. फोटो कृष्णधवल केला, निळ्याचा स्लायडर खाली ओढून आकाश गडद केलं, कर्व्हला (छटा उजळ-गडद करणाऱ्या आलेखाला) थोडा बाक दिला, की क्षितिजापासून वरपर्यंत नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. धुकं, लांब एक्स्पोजरमधलं पाणी, स्टुडिओतला साधा पडदा, उजेडाकडून सावलीकडे जाणारा गाल, या सगळ्यांचं तेच होतं. यावर ठरलेला सल्ला मिळतो, ‘१६ बिटमध्ये काम करा’. फाइल १६ बिटमध्ये बदलली जाते आणि पट्टे जागचे हलत नाहीत. उलट वर्षानुवर्षं ८ बिटमध्ये काम करून एकही पट्टा न दिसलेले लोक आहेत आणि त्यांच्या मते १६ बिट म्हणजे नुसती हौस.

दोन्ही अनुभव खरे आहेत. बिट डेप्थ, म्हणजे छटा किती बारीक पायऱ्यांत साठवल्या जातात ते, वाढवण्याचा उपयोग होतो तो छटा ताणण्याआधी, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवण्याआधी. ताणून, पक्क्या करून झाल्यावर आकडा बदलला तर हाती काही लागत नाही. शिवाय ‘पट्टे’ या एका नावाखाली निदान चार वेगळे दोष वावरतात आणि त्यातला एकच बिट डेप्थचा असतो. म्हणून आधी निदान, मग औषध.

पट्ट्याचा आकार बघा

फोटो १०० टक्के झूमवर उघडा. कमी झूमवर फोटोशॉप लहान केलेल्या कॅशमधून चित्र दाखवतं आणि तिथे दिसणारे पट्टे कधी कधी फाइलमध्ये नसतातच. लाइटरूमच्या लायब्ररीतही साठवलेला जेपीजी प्रीव्ह्यू दिसतो. डेव्हलपमध्ये गेल्यावर पट्टे नाहीसे झाले तर दोष प्रीव्ह्यूचा, फोटोचा नाही.

१०० टक्क्यांवरही पट्टे असतील तर त्यांचा आकार पुष्कळ काही सांगतो. उजेडाच्या उताराला धरून वळणारे, रुंद, स्वच्छ कडेचे पट्टे हे छटा अपुऱ्या पडल्याचं लक्षण. लहान चौकोन दिसत असतील, नीट मोजल्यावर ८ बाय ८ पिक्सेलचे, तर तो जेपीजी कॉम्प्रेशनचा ठसा आहे आणि १६ बिटने तो जाणार नाही. सावल्या उजळल्यावर सरळ आडव्या किंवा उभ्या रेषा उमटल्या तर ती सेन्सरची खोड. आणि प्रिंटवर कागद सरकण्याच्या दिशेला काटकोनात, सारख्या अंतरावर रेषा येत असतील तर प्रिंटरची नोझल (शाईची छिद्रं) तपासा. इंग्रजीत छटांच्या पट्ट्यांना बँडिंग म्हणतात आणि या दोषालाही तेच नाव आहे, त्यामुळे बरेच जण प्रिंटर साफ करायचा सोडून फाइलची बिट डेप्थ वाढवत बसतात.

आकाश आणि झाडाच्या फांद्या जिथे भेटतात तिथली पांढरी किनार हाही वेगळाच विषय. बहुतेक जेपीजीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने, अनेकदा रुंदी आणि उंची दोन्हीत निम्मी करून साठवलेली असते. कृष्णधवल करताना निळा एकदम खाली नेला की ती ढोबळ रंगमाहिती थेट उजेडात उतरते आणि कडा फाटतात. इथे स्लायडर कमी ओढणं हाच उपाय.

स्क्रीन की फाइल?

कृष्णधवल फाइलमध्ये, टोनिंग केलेलं नसेल तर, लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे प्रत्येक पिक्सेलला सारखे असतात. म्हणजे पट्ट्यांना गुलाबी किंवा हिरवट झाक दिसत असेल तर ती फाइलमध्ये असूच शकत नाही. ती मॉनिटरची किंवा कॅलिब्रेशनची. कॅलिब्रेशन करताना ग्राफिक्स कार्डात भरलेली दुरुस्ती अनेकदा ८ बिटमध्येच लागू होते, लाल, हिरवा, निळा या तीन वाहिन्या (चॅनल) थोड्या वेगवेगळ्या वाकवल्या जातात आणि काही छटा एकमेकींवर चढतात. स्वस्त पॅनेल तर प्रत्यक्षात ६ बिटचे असतात आणि उरलेल्या छटा भराभर लुकलुकवून भासवतात.

झाक नसेल तर आयड्रॉपर घ्या, नमुन्याचा आकार ५ बाय ५ सरासरी ठेवा आणि इन्फो पॅनेल उघडून एका पट्ट्यावरून शेजारच्या पट्ट्यावर जा. ८ बिटच्या मोजणीत फरक १ असेल तर फाइल शक्य तितकी गुळगुळीत आहे आणि पट्टे स्क्रीन दाखवते आहे. फरक ३, ४, ५ असा उड्या मारत असेल तर दोष फाइलमध्ये. १६ बिट फाइलचे आकडे १६ बिटमध्येच बघायचे असतील तर पॅनेलच्या पर्यायांत तशी निवड आहे. तिथे फोटोशॉप ० ते ३२,७६८ असं मोजतं, ६५,५३५ पर्यंत नाही. त्याचा ‘१६ बिट’ प्रत्यक्षात १५ बिटांहून एकच पायरी जास्त आहे. व्यवहारात याने काही बिघडत नाही, पण आकडे बघून दचकायला नको.

हिस्टोग्राममध्ये (कोणत्या छटेचे किती पिक्सेल ते दाखवणाऱ्या आलेखात) कंगव्यासारख्या फटी दिसल्या की लगेच घाबरू नका. फटी म्हणजे छटा ताणल्या गेल्या एवढंच. त्या डोळ्याला दिसतील की नाही हे चित्रात काय आहे त्यावर ठरतं. दगडी भिंत, गवत, गर्दी, विणलेलं कापड असेल तर अर्ध्या छटा उडाल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही.

कृष्णधवलमध्येच का?

८ बिटच्या एका वाहिनीत २५६ पायऱ्या असतात. रंगीत फोटोत तीन वाहिन्या मिळून १ कोटी ६७ लाखांहून जास्त जोड्या होतात, पण मुद्दा फक्त त्या आकड्याचा नाही. रंगीत आकाशात लाल, हिरवा आणि निळा हे वेगवेगळ्या ठिकाणी पायरी उतरतात. एकाची कड दुसऱ्याच्या सपाटीवर येते आणि तिन्ही मिळून पायऱ्या झाकल्या जातात. कृष्णधवल केल्यावर तिन्ही वाहिन्या एकाच पिक्सेलवर, एकाच वेळी पायरी उतरतात. झाकायला कुणी उरत नाही.

आता हिशेब बघा. समजा रूपांतरानंतर आकाश १५० ते १९० या छटांमध्ये आहे. ही ४१ मूल्यं. आकाशाची उंची २,००० पिक्सेल असेल तर एकेक छटा जवळजवळ ५० पिक्सेल रुंद पट्टा व्यापते. अजून काही केलेलं नाही, तरी पट्टे आहेतच. फक्त शेजाऱ्यांतला फरक १ असल्याने ते लपलेले आहेत. आता नाट्यमय आकाश हवं म्हणून तोच भाग ६० ते २०० असा ताणला. मूल्यं ४१ च राहिली, पण प्रत्येक उडी साडेतीन छटांची झाली. मधल्या करड्यात, एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रोफाइलमध्ये, एका छटेने उजेड सुमारे १.७ टक्के बदलतो, म्हणजे साडेतीन छटांनी साधारण ६ टक्के. मोठ्या सपाट पृष्ठभागावर डोळा १ टक्क्याच्या आसपासचा फरकही पकडतो, आणि वर पायरीच्या कडेला तो आपणहून जास्त ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये वर्णिलेला हा दृष्टिभ्रम. म्हणून मोजणीत क्षुल्लक वाटणारा पट्टा नजरेत खुपतो.

गडद भागात परिस्थिती आणखी बिकट. ३० च्या आसपास एका छटेने उजेड ५ टक्क्यांहून जास्त बदलतो, तर २२० जवळ जेमतेम १ टक्का. सावल्या उजळताना पट्टे आधी का दिसतात याचं उत्तर इथे आहे.

रॉ फाइलशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कच्च्या नोंदीशी, तुलना केली तर दरी किती मोठी ते कळतं. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात आणि त्या उजेडाच्या सरळ प्रमाणात वाटलेल्या असतात: सगळ्यात वरच्या स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ८,१९२, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, असं निम्मं होत सहाव्या स्टॉपला २५६. म्हणजे वरून सहाव्या, चांगल्याच गडद स्टॉपकडे एकट्याकडे ८ बिटच्या अख्ख्या फाइलइतक्या पातळ्या. एसआरजीबी जेपीजीमध्ये वरच्या स्टॉपला सुमारे ६७ पातळ्या येतात आणि सहाव्याला १६ च्या आसपास. १२ बिट रॉमध्ये सहाव्या स्टॉपला ६४ उरतात, तेही पुष्कळ. १२ की १४ या वादात त्यामुळे फार दम नाही. सगळ्यात कमी आयएसओवर काढलेला फोटो असेल आणि सावल्या तीन-चार स्टॉप वर ओढायच्या असतील तेव्हा कुठे फरक दिसू शकतो. ८ आणि रॉ यांतला फरक मात्र दुसऱ्याच प्रतीचा.

नॉइज इथे मित्र आहे

८ बिटमध्ये काम करूनही काहींना पट्टे दिसत नाहीत, त्यामागचं कारण नॉइज. सपाट आकाशात शेजारच्या पिक्सेलमध्ये थोडी चळबिचळ असेल तर १५० आणि १५१ यांची सीमा सरळ रेषेत न राहता दाण्यादाण्यांत विस्कटते. चळबिचळ पायरीच्या निम्म्याइतकी असली तरी पुरते. यालाच डिथर म्हणतात. आयएसओ १६०० वर काढलेल्या फोटोत ते आपोआप होतं, फिल्म स्कॅनमध्ये दाणे ते काम करतात.

याची दुसरी बाजू अशी की नॉइज काढण्याची आज्ञा ८ बिट फाइलवर चालवली की हेच संरक्षण निघून जातं. आधी डिनॉइज, मग कॉन्ट्रास्ट, हा क्रम ८ बिटमध्ये पट्ट्यांना दिलेलं आमंत्रण आहे. डिनॉइज करायचंच तर रॉवर करा, आणि शेवटी बारीक ग्रेन परत घाला.

खात्री करून घेण्याची चाचणी

पाच मिनिटांचं काम आहे. २,००० पिक्सेल रुंद, ८ बिट, आरजीबी कोरी फाइल घ्या. ग्रेडियंट टूलचं डिथर बंद करून डावीकडून उजवीकडे काळा ते पांढरा उतार काढा. लेव्हल्समध्ये आउटपुट १०० आणि १५० करा. चित्र फिकट करडं होईल. आता दुसऱ्यांदा लेव्हल्स लावा आणि यावेळी इनपुट १०० आणि १५० करा. काळं-पांढरं परत येईल, पण ५१ पट्ट्यांत, प्रत्येकी सुमारे ४० पिक्सेल रुंद. हेच १६ बिट फाइलमध्ये पहिल्यापासून करा: मध्ये साधारण ६,४०० पातळ्या शिल्लक राहतात आणि उतार अखंड दिसतो. १६ बिटच्या चाचणीतही पट्टे दिसले तर तो तुमचा मॉनिटर.

आता तिसरा प्रयोग, जो सहसा कुणी करत नाही. ८ बिट फाइलमध्ये दोन्ही लेव्हल्स ॲडजस्टमेंट लेयर (मूळ पिक्सेल न बदलता वरून बदल लावणारा थर) म्हणून लावा. पट्टे दिसतील. मग लेयर मर्ज न करता मोड १६ बिट करा. फोटोशॉप मर्ज करायचं का विचारेल, ‘नको’ म्हणा. आता मधली गणितं १६ बिटमध्ये होतात आणि मूळच्या २५६ पायऱ्या परत येतात. फाइल ८ बिटमध्ये सुरू झाली पण लेयर अजून जिवंत आहेत, अशा वेळी मोड बदलण्याला अर्थ आहे. फ्लॅटन करून, म्हणजे सगळे लेयर एकात मिसळून, मग बदलला तर नाही. ‘१६ बिट करून काही फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा फ्लॅटन केलेली फाइल असते.

रॉपासून सुरुवात असेल तर

साखळी कुठेही ८ बिटमध्ये तुटू न देणं, एवढंच काम आहे. ती तुटते ती ठरावीक जागांवर.

पहिली जागा म्हणजे रॉ कन्व्हर्टरमधून बाहेर पडणं. कॅमेरा रॉमध्ये खिडकीच्या तळाशी फाइलची माहिती देणारी ओळ असते. तिच्यावर क्लिक करून डेप्थ ‘१६ बिट्स/चॅनल’ करा. लाइटरूममध्ये प्रेफरन्सेस, मग एक्सटर्नल एडिटिंग: टिफ, १६ बिट. इथे एकदा ८ राहिलं की पुढच्या प्रत्येक फोटोला तोच फटका, आणि सेटिंग नजरेसमोर नसल्याने महिनोन् महिने कळत नाही.

कृष्णधवल रूपांतर शक्यतो कन्व्हर्टरमध्येच करा. लाइटरूम, कॅमेरा रॉ आतून जास्त खोलीत हिशेब करतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये. आकाश किती गडद करायचं, चेहरा किती उजळायचा, ही मोठी ताणाताण तिथेच संपवली तर पुढे फोटोशॉपमध्ये फार ओढाताण उरत नाही. कॅमेऱ्यात मोनोक्रोम स्टाइल लावलेली असली तरी रॉमध्ये रंग शाबूत असतात, त्यामुळे वाहिन्यांचं मिश्रण नंतरही करता येतं. जेपीजीमध्ये मात्र ते कॅमेऱ्यानेच करून टाकलेलं असतं.

दुसरी जागा, जुनी फिल्टर. फोटोशॉपची फिल्टर गॅलरी १६ बिटमध्ये चालत नाही. ती वापरण्यापुरतं ८ बिट करायचं आणि परत १६ वर जायचं, असं केलं तर वर-वर १६ दिसणारी पण आतून २५६ पायऱ्यांची फाइल तयार होते. तो परिणाम हवाच असेल तर फाइलची प्रत ८ बिट करून तिच्यावर काढा आणि हलक्या ओपॅसिटीने वरच्या लेयरवर आणा.

तिसरी जागा ग्रेस्केल मोड. इथे खोली टिकते पण प्रोफाइल घोळ घालतं. फोटोशॉपचं करडं वर्किंग स्पेस अनेकदा डॉट गेन २० टक्के असं असतं, ते छपाईत शाई पसरते त्याचा हिशेब धरणारं. तिथून एसआरजीबीत जाताना छटा पुन्हा वाकतात. हे ८ बिटमध्ये झालं तर सावल्यांतल्या आणखी काही पायऱ्या जातात. ग्रे गॅमा २.२ ठेवा, किंवा सरळ आरजीबीतच राहा आणि शेवटचं रूपांतर १६ बिट असतानाच करा.

गिंप वापरणाऱ्यांसाठी: २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून इमेज मेनूत प्रिसिजन आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत सगळं ८ बिट. १६ बिट इंटिजर, परसेप्च्युअल गॅमा हा पर्याय नेहमीच्या कामाला पुरतो.

फिल्म स्कॅन करताना ‘१६ बिट ग्रेस्केल’ निवडा, किंवा ‘४८ बिट कलर’, जो वाहिनीला १६ च आहे. निगेटिव्हचा सपाट स्कॅन हिस्टोग्रामच्या मधल्या थोड्या भागात बसतो, तो उलटा करून दोन्ही टोकांना ताणायचा असतो, म्हणजे वरची ५१ पट्ट्यांची चाचणी तुम्ही प्रत्येक फ्रेमवर करत असता.

३२ बिट मोडची गरज नाही. अनेक एक्स्पोजर जोडून एचडीआर करणं वेगळं.

व्हिनेट आणि मऊ ब्रश

या दोघांना स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण आकाश नसलेल्या फोटोतही पट्टे आणतात ते हेच. व्हिनेट, म्हणजे फोटोच्या कडा गडद करणं, हा समजा १,५०० पिक्सेलच्या अंतरावर पसरलेला २० छटांचा उतार. ८ बिटमध्ये ती ७५ पिक्सेल रुंद वर्तुळं होतात, लाकडाच्या ओंडक्यावरच्या कड्यांसारखी. डॉज-बर्न (काही भाग उजळ, काही गडद) करताना मोठा मऊ ब्रश २ टक्के फ्लोवर वापरला तर एका फटक्यात फार थोडा, ब्रशच्या कडेजवळ एका छटेहूनही कमी बदल होतो. ८ बिट तो पूर्णांकात बसवतं, कुठे शून्य, कुठे एक. दहा फटक्यांनंतर गालावर डाग तयार होतात आणि दोष ब्रशला दिला जातो. १६ बिटमध्ये तेच फटके सावकाश साचत जातात.

फक्त जेपीजीच आहे

उडालेल्या छटा परत येत नाहीत. तरीही मोड आधी १६ करा, मग कृष्णधवल करा, आणि यामागे ठोस गणित आहे. रूपांतर म्हणजे तीन वाहिन्यांची भारित बेरीज. लाल ०.३०, हिरवा ०.५९, निळा ०.११ असं मिश्रण धरा. पहिला पिक्सेल १२०, १४०, १७६ असेल तर उत्तर १३७.९६, दुसरा १२०, १४०, १८० असेल तर १३८.४०. ८ बिटमध्ये दोन्ही १३८, फरक पुसला गेला. १६ बिटमध्ये दोन्ही वेगळे राहतात. तीन वाहिन्यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे रंगीत जेपीजीतून २५६ पेक्षा बऱ्याच जास्त करड्या छटा निघू शकतात, पण त्या ठेवायला जागा असेल तरच. कॅमेऱ्याने आधीच कृष्णधवल केलेल्या जेपीजीला हा फायदा नाही; तिथे तिन्ही आकडे सारखे, म्हणून २५६ म्हणजे २५६.

मिश्रण करताना एकाच वाहिनीवर सगळा भार टाकू नका. निळी वाहिनी बहुधा सगळ्यात खरखरीत असते. आकाश गडद करायला लाल आणि हिरव्याचं मिश्रण जास्त सभ्यपणे वागतं.

फोनवर १० बिट हाइफ (फोटो साठवण्याचा एक फाइल-प्रकार) मिळत असेल तर वाहिनीला १,०२४ पातळ्या मिळतात आणि त्याचा उपयोग आहे, बशर्ते एडिटिंगचं ॲप ती फाइल उघडतानाच ८ बिटची करत नसेल.

बाहेर पाठवताना

शेवटी जेपीजी ८ बिटच असणार, आणि त्यात गैर काही नाही. सगळी ताणाताण संपलेली २५६ छटांची फाइल डोळ्याला पुरते. फक्त उतरण नीट करा: १६ बिटमध्ये असतानाच अंतिम आकाराला लहान करा, मग गॉसियन, मोनोक्रोमॅटिक नॉइज ०.५ ते १ टक्का घाला, मग ८ बिट करा. क्रम उलटा केला, म्हणजे ८ बिट झाल्यावर नॉइज घातलं, तर तेही पट्टे झाकतं, पण पायरी साडेतीन छटांची असेल तर नॉइजही तितकंच जाड लागतं आणि ते दिसतं. लाइटरूममधून थेट एक्स्पोर्ट करणाऱ्यांनी इफेक्ट्समधलं ग्रेन १० ते १५ ठेवावं.

एडिटरमध्ये ठीक आणि अपलोड केल्यावर पट्टे, ही तक्रार वेगळी. साइट फोटो पुन्हा कॉम्प्रेस करते आणि कॉम्प्रेशन सगळ्यात आधी बारीक नॉइजच पुसतं. त्या साइटला लागणाऱ्या पिक्सेल मापातच फाइल द्या म्हणजे ती पुन्हा लहान होणार नाही, गुणवत्ता उंच ठेवा आणि ग्रेन थोडं जाड घ्या, कारण जाड दाणा कॉम्प्रेशनमधून जास्त टिकतो.

किती जागा जाते तेही बघा. ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा एकच लेयर: ८ बिट ग्रेस्केल २४ एमबी, १६ बिट ग्रेस्केल ४८, ८ बिट आरजीबी ७२, १६ बिट आरजीबी १४४. ॲडजस्टमेंट लेयर जवळजवळ फुकट, कॉपी केलेले पिक्सेल लेयर महाग. १६ बिट टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावू नका, फाइल उलट फुगू शकते, झिप लावा. आणि बातमीसाठी काढलेला गर्दीचा फोटो असेल, कर्व्हला जरासाच हात लावायचा असेल, तर ८ बिटमध्ये निर्धास्त करा. तिथे १६ बिटने फक्त डिस्क भरते.

पट्टे पक्के झालेत आणि मूळ फाइल नाही

मग डागडुजी. फाइल १६ बिट करा. इथे मोड बदलणं आवश्यक आहे, कारण मधल्या छटा आता आपण नव्याने तयार करणार आहोत. आकाशाचा लेयर कॉपी करा. त्यात घुसलेल्या फांद्या, तारा, छपराची कड आधी क्लोनने आकाशाच्याच छटेने भरून टाका, नाहीतर पुढच्या पायरीत त्यांचा काळेपणा आकाशात पाझरतो. मग गॉसियन ब्लर, त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीच्या निम्म्यापासून सुरू करून पट्टा विरेपर्यंत वाढवत न्या. ५० पिक्सेलच्या पट्ट्याला २५ ते ५०. ढग असतील तर गॉसियन त्यांना खाऊन टाकतो, तिथे सरफेस ब्लर घ्या आणि थ्रेशोल्ड पायरीच्या उडीपेक्षा एक-दोन छटा वर ठेवा, म्हणजे साडेतीनच्या उडीला ५. १६ बिटमध्ये हे फिल्टर रेंगाळतं, धीर धरा. मास्क लावून मूळ फांद्या परत आणा. शेवटी, खालच्या न बदललेल्या भागाशी १०० टक्क्यांवर ताडून बघत ग्रेन घाला, कारण गुळगुळीत आकाशाखाली दाणेदार जमीन ठेवली तर जोड लगेच दिसतो. ढगांच्या आतले पट्टे, जिथे पोत आणि पायरी एकमेकांत मिसळली आहेत, ते असे निघत नाहीत; तिथे कॉन्ट्रास्टच एक पायरी कमी करावा लागतो.